कुंकू कोणी लावायचं, हे ठरवतं कोण?

आम्ही बाळकुमच्या बचतगटातल्या बायका बोलतोय. गावठाणाच्या भोवती टॉवर उभे राहिले, पण संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे जुन्याच पद्धतीनं होतं. मागच्या वर्षी नवरा गेलेली आमच्यातलीच एक ताई आली आणि दारातच बसली. तिला कोणी उठवलं नाही, आत या असंही कोणी म्हटलं नाही. आम्ही वाण वाटत राहिलो.

ती गोष्ट मनाला लागली. म्हणून या वेळी जुन्या काळातल्या विधवांबद्दल बोलायचं ठरवलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. केशवपन सगळ्या जातींत नव्हतं. ते मुख्यतः ब्राह्मण आणि इतर काही वरच्या जातींत होतं. बहुजनांतल्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लागायचा. पण पाट लागला तरी शुभकार्यात तिला मागेच उभं राहावं लागे, हे आमच्या आज्यांकडून ऐकलंय.

१८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं शेकडो न्हावी जमले. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. यात नवल काय? एकट्या न्हाव्यानं नाही म्हटलं असतं, तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं असतं. सगळे मिळून नाही म्हणाले, तेव्हा रूढीचे हातच अडले. रूढी पोथीत लिहिलेली असली, तरी ती चालवायला माणसांचे हात लागतात.

तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. कर्व्यांच्या मुरूड गावानं बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना थारा दिला, तर घरच्यांवरही बहिष्कार. ही शिक्षा फक्त कर्व्यांना नव्हती. बघणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, की तू असं करशील तर तुझंही असंच होईल. गावातल्या सगळ्यांना हे लग्न वाईटच वाटत होतं का? कुणाला वेगळं वाटत असलंच, तर ते तोंडातच राहिलं असणार.

असं का होतं, हे अमेरिकेतल्या सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या सुमारास तपासलं. त्यानं माणसांना रेघा दाखवल्या आणि यातली कोणती दिलेल्या रेघेएवढी आहे ते विचारलं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं. पण खोलीतली बाकीची माणसं त्यानं आधीच पढवलेली होती, ती मुद्दाम चुकीचं सांगत. अशा वेळी खऱ्या पाहुण्याची तीनातली सुमारे एक उत्तरं चुकीची यायची, कारण बाकीच्यांबरोबर राहायचं. मात्र खोलीत एकजण जरी खरं बोलला, तरी पाहुण्याला बळ यायचं आणि चुकीची उत्तरं फारच थोडी राहायची. आम्हाला यातलं हेच सगळ्यात आवडलं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं काय केलं ते तुम्ही ऐकलं असेल. ४ मे २०२२ रोजी त्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढून घ्यायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावानं मनं लगेच बदलत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण ‘गाव काय म्हणेल?’ याचं उत्तर तिथं कागदावर आलं.

बाळकुमला आमच्याकडे असा ठराव नव्हता. आम्ही एकीनं दुसरीला एकटं गाठून विचारायचं ठरवलं, की त्या ताईला कुंकू लावलेलं तुला चालेल का? जवळपास प्रत्येकीचं उत्तर तेच आलं: “मला चालेल गं, पण बाकीच्यांना नाही चालणार.” म्हणजे ‘बाकीच्या’ कोण होत्या? आम्हीच!

यंदा ताईला आम्ही आधी बोलावलं. ती आली आणि पुन्हा दारातच थांबली. आमच्या सगळ्यांत थोरल्या मावशी उठल्या, तिचा हात धरून आत आणलं आणि कुंकू लावलं. दोघीतिघी मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांतली एक नंतर घरी निघून गेली. ताईनं वाण घेतलं, पदर सावरला आणि उरलेल्या बायकांना तिळगूळ वाटायला लागली.