मूळपुरुष रोज रस्त्यावर होता

मोटार शोमध्ये फिरत्या चौथऱ्यावर एखादी गाडी अशी असतेच की बघणारा हटकून विचारतो, ‘ही कधी येणार?’ बहुतेक वेळा ती येणार नसते. काचा काळ्याकुट्ट असल्या तर आत सीट तरी आहेत का, अशी शंका घ्यायला हरकत नाही. अशा कित्येक गाड्या जागेवर ढकलतच आणाव्या लागतात. कॉन्सेप्ट कार म्हणतात ती हीच. पण या घराण्याचा मूळपुरुष चांगला धावता होता.

१९३८ सालची ब्यूक वाय-जॉब ही बहुतेकांच्या मते पहिली कॉन्सेप्ट कार. तिचा कर्ता हार्ली अर्ल. वडिलांचा लॉस एंजेलिसला गाड्यांच्या बॉड्या बांधायचा कारखाना, तिथे हा सिनेनटांच्या हौसेच्या मोटारी घडवायचा. १९२७ साली जनरल मोटर्सने त्याच्यासाठी रूप-रंगाचं वेगळं खातंच काढलं. अर्लचा हात मातीत बसलेला. लाकडी सांगाड्यावर माती थापायची आणि मोटार हवी तशी कोरायची. आपला शाडू एकदा वाळला की ऐकत नाही. ही तेला-मेणाची माती वाळतच नाही, ऊब दिली की पुन्हा लोण्यासारखी. साहेबांचं मन फिरलं की मडगार्डचा गोलवा खरवडायचा, नवा थापायचा. पत्रा ठोकून असले लाड पुरवायचे तर कारागीर पळून गेले असते.

वाय-जॉबचे दिवे झाकणाआड लपत, काचा बटणावर खाली-वर होत, दारांच्या मुठी पत्र्यातच बसवलेल्या. टप मागे धातूच्या झाकणाखाली गुडुप. त्या काळी मोटारीला असायचीच ती बाजूची लांब पायरी इथे गायब. तेव्हा प्रयोगाच्या गाडीला जो तो ‘एक्स’ म्हणे, म्हणून अर्लने पुढचं अक्षर घेतलं, असं सांगतात. गाडी एकच बनली, विकायची नव्हतीच. अर्ल ती वर्षानुवर्षं स्वतःच चालवत असे. रस्त्यावरच्या किती माना वळतात, हे त्याला स्टिअरिंगमागे बसूनच कळे.

१९५१ची त्याची ल सेबर तर पावसाची गाडी! दोन सीटच्या मधे ओल ओळखणारं यंत्र. त्यावर थेंब पडला की टप आपोआप वर. ही मला सगळ्यांत आवडते. हीसुद्धा तो वापरायचा.

मग जनरल मोटर्सचे मोटोरामा नावाचे फिरते मोटार-जलसे आले. जानेवारी १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात फायबरग्लासची कॉर्व्हेट लोकांसमोर आली आणि ३० जूनला फ्लिंटच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेरही पडली. त्या वर्षी ३०० झाल्या, झाडून सगळ्या पांढऱ्या, आतून लाल.

एवढं भाग्य फार थोड्यांचं. जलसा आटोपला की बऱ्याच गाड्या मोडीत जात. १९५५ची शेव्हरले बिस्केन अशीच कापून मिशिगनमधल्या भंगारवाल्याकडे गेली. तीसेक वर्षांनी एका संग्राहकाने ते तुकडे हुडकले, मग ते पुन्हा जोडले गेले. वाय-जॉबवर ती वेळ आली नाही. ती अजून जनरल मोटर्सच्याच ताब्यात आहे.