कराची किती लांब?

ऑफिसात चहाच्या टेबलावर विचारून बघा: मुंबईहून विमानाने दिल्ली जवळ की कराची? बहुतेक जण दिल्लीच म्हणतील. सरळ रेषेत दिल्ली सुमारे १,१५० किलोमीटर आणि कराची ८७५ च्या आसपास! विमानाला साधारण दीड तास. त्यात त्यांचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, म्हणजे घड्याळाप्रमाणे जाताना एक तास आणि येताना दोन. (टाइमझोनच्या बग्जनी ज्यांच्या रात्री खाल्ल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

हे शेजारपण नुसतं नकाशातलं नाही. सिंध १ एप्रिल १९३६ ला वेगळा प्रांत होईपर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती. तिथली जुनी सरकारी शाळा एन. जे. व्ही. म्हणून ओळखली जाते. एन. जे. व्ही. म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, सिंधच्या शिक्षण खात्यात काम केलेले आपले मराठी गृहस्थ.

आता विमानाकडे येऊ. १९२९ पासून इम्पीरियल एअरवेज लंडनचं टपाल कराचीपर्यंत आणत असे. पुढे रेल्वे. हा पुढचा रखडणारा टप्पा हवेतून करायचा, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाची आणि ती उचलून धरली जे. आर. डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी साडेसहानंतर २८ वर्षांचे जेआरडी कराचीच्या ड्रिग रोडवरून एका इंजिनाच्या पस मॉथमधून एकटेच निघाले. सोबत पंचवीसेक किलो टपाल. रेडिओ नाही. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले! दुपारी दोनच्या आत जुहू. एकूण सव्वासात तास. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्यात. पुणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

फाळणीनंतर हा रस्ता कधी चालू तर कधी बंद. १९७१ च्या युद्धात बंद झाला तो १९७६ मध्ये उघडला. १५ ऑक्टोबर १९८२ ला, पन्नास वर्षं झाली म्हणून, जेआरडींनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा तेच उड्डाण केलं. वय ७८! या वेळी मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा होती, एवढाच फरक. पुढे २००२ आणि २००३ ही दोन वर्षं पुन्हा कुलूप. पीआयएची मुंबई-कराची सेवा मे २०१७ मध्ये थांबली आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशच बंद केलं.

मग मधल्या काळात कुणाची मावशी, कुणाचं आजोळ तिकडे असेल त्यांनी जायचं कसं? दुबईवरून. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-कराची जवळजवळ १,२००. म्हणजे ८७५ साठी ३,१०० च्या वर. हवेतलेच पाचेक तास, आणि दुबईत तीन तास बसावं लागलं की झाले आठ. जेआरडींचं टपाल ताशी जेमतेम १६० किलोमीटरच्या विमानातून, बैलगाडीची वाट बघूनही, सव्वासात तासांत पोचलं होतं.