फ्लोरेन्सचे स्टेडियम आणि पैशाचे नाव

१/ एप्रिल २०२३. ब्रुसेल्समधील युरोपीय आयोगाने इटलीला कळवले की, फ्लोरेन्स शहरातील फुटबॉल स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवलेले ५.५ कोटी युरो युरोपच्या निधीतून देता येणार नाहीत. स्टेडियम वारसा वास्तू होते, मालकी महापालिकेची होती, आराखडाही आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून निवडलेला होता. मग अडले कुठे? त्याच्या उत्तरासाठी या वास्तूचा जवळपास शंभर वर्षांचा हिशेब उलगडावा लागतो.

२/ हे स्टेडियम म्हणजे 'आर्तेमिओ फ्रांकी', फिओरेंतिना क्लबचे घरचे मैदान. ते शहराच्या कांपो दि मार्ते या भागात आहे. क्लब तेथे खेळतो, पण मालक मात्र महापालिका आहे. एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या साऱ्या वादाचे मूळ यातच आहे.

३/ फिओरेंतिनाची स्थापना १९२६ ची. शहरातील दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून तो उभा राहिला आणि लुईजी रिदोल्फी हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. रिदोल्फी सरदार घराण्यातले आणि फॅसिस्ट पक्षातले वजनदार नेते होते. मुसोलिनीच्या राजवटीत स्टेडियम बांधणे हा केवळ क्रीडाविषय नव्हता. शिस्तबद्ध, बलदंड राष्ट्र जगाला दाखवण्याचा तो एक मार्ग होता.

४/ सप्टेंबर १९३१ मध्ये व्हिएन्नाच्या अडमिरा संघाविरुद्धच्या सामन्याने स्टेडियमचे उद्घाटन झाले. त्याला नाव दिले गेले जोवान्नी बेर्ता या तरुणाचे. १९२१ च्या राजकीय हिंसाचारात मारला गेलेला हा फ्लोरेन्सचा फॅसिस्ट कार्यकर्ता राजवटीने 'हुतात्मा' ठरवला होता. पैसा राजवटीच्या प्रतिष्ठेसाठी आला आणि दारावरचे नावही त्याच प्रतिष्ठेचे लागले.

५/ वास्तू मात्र त्या नावापेक्षा मोठी निघाली. तिचे रचनाकार पिएर लुईजी नेर्वी हे अभियंताही होते आणि बांधकाम कंत्राटदारही. कमी साहित्यात, कमी खर्चात जास्तीत जास्त भार कसा पेलता येईल, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. त्यांनी आरसीसी, म्हणजे सळया घातलेले काँक्रीट, संगमरवराच्या आवरणाखाली न झाकता उघडे ठेवले. जी रचना भार वाहते, तीच येथे शोभाही झाली.

६/ मुख्य प्रेक्षागृहावरील छप्पर वीस मीटरांहून अधिक पुढे झेपावते आणि त्याच्या पुढच्या कडेला एकही खांब नाही. बाहेरचे सर्पिल जिने तर अभ्यासक आजही मुद्दाम पाहायला जातात. पायऱ्यांचा पट्टा एका दिशेने वळत वर चढतो आणि त्याला पेलणारी तुळई उलट दिशेने वळते. शेजारी उंच 'मॅरेथॉन मनोरा'. विसाव्या शतकातील अभियांत्रिकीच्या इतिहासात या तीन गोष्टींना मानाचे स्थान आहे.

७/ वरून पाहिल्यास स्टेडियमचा आकार रोमन लिपीतील 'डी' या अक्षरासारखा दिसतो. हा 'दूचे'चा, म्हणजे मुसोलिनीच्या बिरुदाचा 'डी' आहे, अशी कथा चवीने सांगितली जाते. याचे सरळ कारण वेगळे आहे. मुख्य प्रेक्षागृहासमोर वेगवान धावण्याच्या शर्यतीसाठी लांब सरळ धावपट्टी हवी होती, म्हणून ती बाजू सरळ राहिली आणि उरलेल्या बाजू वळल्या. हे कारण लक्षात असू द्या, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

८/ १९३४ च्या विश्वचषकातील इटली-स्पेन उपांत्यपूर्व सामना येथेच झाला. ३१ मे रोजी तो १-१ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्याच दिवशी फेरसामना झाला आणि इटलीने तो १-० ने जिंकला. पुढे इटली विश्वविजेता ठरला आणि राजवटीला हवे असलेले चित्र जगापुढे गेले.

९/ दहा वर्षांनी याच जागेने दुसरे चित्र पाहिले. २२ मार्च १९४४ रोजी मुसोलिनीच्या उरलेल्या राजवटीने सैन्यभरती नाकारणाऱ्या पाच तरुणांना स्टेडियमजवळ गोळ्या घालून ठार केले. 'कांपो दि मार्तेचे हुतात्मे' म्हणून शहर आजही त्यांचे स्मरण करते. युद्धानंतर बेर्ताचे नाव गेले आणि स्टेडियम नुसते 'कोमुनाले', म्हणजे महापालिकेचे, या नावाने ओळखले जाऊ लागले. एका हुतात्म्याच्या नावाने बांधलेली वास्तू अशी दुसऱ्याच हुतात्म्यांच्या स्मृतीशी जोडली गेली.

१०/ दुसऱ्यांदा मोठा पैसा आला तो १९९० च्या विश्वचषकासाठी. येथे गटसाखळीतले सामने आणि अर्जेंटिना-युगोस्लाव्हिया हा उपांत्यपूर्व सामना व्हायचा होता. अधिक प्रेक्षक मैदानाजवळ बसावेत म्हणून मैदानाची पातळी खाली नेण्यात आली आणि धावपट्टी काढून टाकण्यात आली. ज्या धावपट्टीमुळे वास्तूला तो आकार मिळाला, तीच गेली. आकार राहिला, त्याचे कारण मात्र पुसले गेले. १९९३ मध्ये स्टेडियमला आर्तेमिओ फ्रांकी यांचे नाव मिळाले. ते इटालियन फुटबॉल महासंघाचे आणि युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. १९८३ मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले होते.

११/ काँक्रीटलाही म्हातारपण येते. ताज्या काँक्रीटमधील अल्कधर्मी गुणामुळे आतल्या सळया गंजापासून सुरक्षित राहतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की हे संरक्षण संपते. सळई गंजते, गंजताना फुगते आणि वरचे काँक्रीट तडकून निखळू लागते. दगडी मंदिराचा निखळलेला दगड पुन्हा बसवता येतो, आरसीसीच्या सडपातळ तुळईचे तसे नसते. त्यात आजचे भूकंपविषयक निकष १९३१ च्या बांधकामाने पूर्ण करावेत, ही अपेक्षा. म्हणजे दुरुस्ती अटळ, आणि ती स्वस्तही नाही.

१२/ मग क्लबने पैसा का घालू नये? इटलीतील बहुतेक मोठी स्टेडियमे नगरपालिकांच्या मालकीची आहेत आणि क्लब तेथे भाडेकरू आहेत. परक्याच्या घरात कोण भिंती बांधील? युव्हेंटसने २०११ मध्ये स्वतःचे स्टेडियम उघडले. अतालांताने २०१७ मध्ये बेर्गामोच्या पालिकेकडून स्टेडियम विकतच घेतले. मालकी आली की दुकाने, खास कक्ष, उपाहारगृहे यांचे उत्पन्न येते आणि त्या भरवशावर कर्जही मिळते.

१३/ २०१९ मध्ये अमेरिकास्थित उद्योजक रोक्को कोमिसो यांनी फिओरेंतिना विकत घेतला. पैसा घालायची त्यांची तयारी होती, पण त्यांना आधुनिक स्टेडियम हवे होते आणि त्यासाठी गोलजाळ्यांमागील जुनी वळणदार प्रेक्षागृहे पाडण्याची मुभाही. २०२० मध्ये इटलीच्या संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. जुन्या स्टेडियमचे नेमके कोणते भाग जपणे अत्यावश्यक आहे ते सांस्कृतिक मंत्रालयाने सांगावे, बाकीच्यात बदल करता यावेत, असा तिचा आशय होता.

१४/ जगभरचे वास्तुविशारद आणि नेर्वींचा वारसा जपणारी मंडळी विरोधात उभी राहिली. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रालयाचे उत्तर आले. वळणदार प्रेक्षागृहे पाडण्याचा मार्ग त्याने बंद केला. कोमिसोंनी फ्रांकीच्या नूतनीकरणातून अंग काढून घेतले आणि आपला पैसा शहराबाहेर बान्यो आ रिपोली येथील 'व्हायोला पार्क' या प्रशिक्षण संकुलाकडे वळवला. वारसा वाचला, पण त्याची काळजी घेणारा खाजगी पैसा गेला. नियमाने पाडणे थांबवता येते, दुरुस्तीचे बिल मात्र नियम भरत नाही.

१५/ आता सारा भार मालकावर, म्हणजे महापालिकेवर आला. महापौर दारिओ नार्देल्ला यांनी तिसरी वाट धरली. कोरोना साथीनंतर युरोपीय संघाने सदस्य देशांसाठी प्रचंड पुनरुत्थान निधी उभारला होता. इटलीच्या योजनेचा आकार होता सुमारे १९१.५ अब्ज युरो. त्याला जोडून इटलीने स्वतःच्या तिजोरीतून एक पूरक राष्ट्रीय योजनाही आखली होती. या पूरक योजनेच्या सांस्कृतिक वारशाच्या सदरातून फ्रांकीला ९.५ कोटी युरो मंजूर झाले.

१६/ मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा निकाल लागला. अरूप ही अभियांत्रिकी संस्था आणि मारिओ कुचिनेल्ला यांचे कार्यालय यांच्या आराखड्याची निवड झाली. नेर्वींची वास्तू उभी ठेवायची, तिच्या आत मैदानाला लगटून नवी प्रेक्षागृहे बांधायची, जुन्या प्रेक्षागृहांखालच्या जागा दुकाने आणि सार्वजनिक वापरासाठी द्यायच्या आणि सगळ्यावर सौरपट्ट्यांचे पातळ, सपाट छप्पर घालायचे, अशी ती कल्पना.

१७/ ९.५ कोटींत हे भागणारे नव्हते. उरलेले ५.५ कोटी 'एकात्मिक नागरी योजना' या सदरातून घेतले गेले आणि हे सदर थेट युरोपीय निधीतले होते. त्याचा उद्देश होता वंचित उपनगरांचा विकास आणि सामाजिक दुरवस्थेचे निवारण. कांपो दि मार्ते ही चांगली खातीपिती मध्यमवर्गीय वस्ती. एकाच वास्तूचे अर्धे बिल 'राष्ट्रीय वारसा' म्हणून आणि अर्धे 'मागासलेली वस्ती' म्हणून सादर झाले, ते असे.

१८/ ब्रुसेल्सने नेमके येथेच बोट ठेवले. मार्च २०२३ मध्ये इटलीच्या १९ अब्ज युरोंच्या हप्त्याची छाननी महिनाभर लांबली. त्यामागच्या कारणांत फ्लोरेन्सचे हे स्टेडियम आणि व्हेनिसचा एक क्रीडासंकुल प्रकल्पही होता. एप्रिलमध्ये दोन्ही प्रकल्प अपात्र ठरले. एका स्टेडियमसाठी १९ अब्ज अडकवून ठेवणे रोमला परवडणारे नव्हते. फ्रांकीचे ५.५ कोटी गेले. ९.५ कोटी मात्र वाचले, कारण ते इटलीचे स्वतःचे होते आणि ज्या नावाने मागितले ते नाव खरे होते.

१९/ महापालिकेची बाजूही पाहिली पाहिजे. सदराची निवड शहराने एकट्याने केली नव्हती, रोमच्या सरकारनेही ती मंजूर केली होती. पण आयोगाची हरकत अन्यायाची म्हणता येईल का? वंचित वस्तीसाठी बाजूला काढलेला पैसा व्यावसायिक फुटबॉल चालणाऱ्या मैदानाकडे गेला, तर ज्या उपनगराला नळ, शाळा, बाग हवी होती त्याने कोणाकडे पाहावे? माझ्या मते आयोगाची हरकत योग्य होती, आणि शहराची अडचणही खरी होती.

२०/ प्रत्यक्ष काम २०२४ मध्ये सुरू झाले. क्लबला पर्यायी मैदान न मिळाल्याने एकीकडे बांधकाम आणि दुसरीकडे सामने असा प्रकार चालू राहिला. फिएझोले बाजूचे प्रेक्षागृह बंद झाले आणि तेथील निष्ठावंत चाहत्यांना समोरच्या टोकाला बसावे लागले. २०२६ मध्ये, क्लबच्या शताब्दीला, नवे स्टेडियम तयार असावे हे मूळ स्वप्न पुढे ढकलावे लागले.

२१/ इतर शहरांनी काय केले? रोममधील फ्लामिनिओ स्टेडियम १९५९ मध्ये नेर्वींनीच, मुलगा अंतोनिओ याच्या साथीने उभारले. १९६० च्या ऑलिंपिकचा फुटबॉल अंतिम सामना तेथे झाला. तेही महापालिकेचे. २०११ पासून ते वापराविना पडले आहे. मिलानने दुसरे टोक गाठले. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सार्वजनिक वास्तूला इटलीत आपोआप वारसा संरक्षण लागू होते. सान सिरोचा दुसरा मजला १९५५ चा. ही मुदत भरण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०२५ अखेर, नगरपरिषदेने ते स्टेडियम दोन्ही क्लबांना विकण्यास मंजुरी दिली.

२२/ हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. अहमदाबाद महापालिकेचे सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम चार्ल्स कोरिया आणि अभियंता महेंद्र राज यांनी साठच्या दशकात उभारले. त्याचेही घडीदार काँक्रीटचे छप्पर पुढच्या खांबांविना झेपावते. भारतातला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १९८१ मध्ये तेथेच झाला. २०२० च्या 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच' या धोक्यातील वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. किल्ल्याचा ढासळलेला बुरूज पाहून आपण हळहळतो. काँक्रीटचा पोपडा पडला तर 'जुने झाले, पाडा' म्हणतो.

२३/ फ्रांकीला तीनदा मोठा पैसा मिळाला. एकदा राजवटीच्या दिमाखासाठी, एकदा विश्वचषकासाठी, एकदा साथीनंतरच्या उभारीसाठी. 'जुनी सार्वजनिक वास्तू नियमित सांभाळायची' या साध्या नावाने येणाऱ्या पैशाने काही तिचे भागले नाही. म्हणून प्रत्येक वेळी वास्तूला पैशाच्या नावाप्रमाणे बदलावे लागले, कधी दारावरची पाटी, कधी धावपट्टी, कधी कागदावरची वस्ती. तुमच्या शहरातील पालिकेच्या जुन्या स्टेडियमचे, नाट्यगृहाचे, मंडईचे अंदाजपत्रक कधी पाहायला मिळाले, तर आकड्याआधी सदराचे नाव वाचा. वास्तूचे पुढे काय होणार, ते बरेचदा तेथेच लिहिलेले असते.