दिनविशेष : १ ऑगस्ट – महाकाय क्रूझना व्हेनिसचा कालवा बंद

१ ऑगस्ट २०२१ रोजी इटलीतील व्हेनिस शहरात सान मार्को चौकासमोरचा जलमार्ग आणि ज्युडेक्का कालवा मोठ्या क्रूझ जहाजांसाठी बंद झाला. २५ हजार सकल टनांहून मोठ्या, १८० मीटरहून लांब किंवा ३५ मीटरहून उंच जहाजांना तिथे मज्जाव करण्यात आला.

ही वाट हेच व्हेनिसच्या क्रूझचे सर्वांत मोठे आकर्षण होते. डेकवर उभे राहिले की घुमट, घंटाघर, डोज या जुन्या शासकांचा राजवाडा सारे नजरेखालून सरकत जाई. पण त्याच कालव्यात २ जून २०१९ रोजी ‘एमएससी ऑपेरा’ हे जहाज धक्क्यावर आणि पर्यटकांच्या नौकेवर आदळले होते. प्रवाशांना मोहवणारे दृश्य शहराला किती महाग पडू शकते, हे तेव्हा जगाने पाहिले. तरी बंदीने व्हेनिसची क्रूझ वाहतूक थांबली नाही. काही मोठी जहाजे मार्गेरा या औद्योगिक बंदराकडे वळली. मात्र मार्गेराही व्हेनिसच्याच खाजणात आहे. त्यामुळे जहाजे खाजणाबाहेरच थांबवा, ही नागरिकांची मागणी कायम आहे आणि ती रास्त आहे.