दुरुस्ती की मोड?

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीकडे भंगाराचे ट्रक सतत जाताना दिसतात. पोलादी सळयांचे गाव अशी जालन्याची आज ओळख आहे, आणि तिथल्या भट्ट्यांचे मुख्य खाद्य भंगार हेच. त्यात कारखान्यांतले तुकडे असतात, मोडीत निघालेल्या गाड्या असतात, तसेच घराघरांतून बाहेर पडलेले कूलर आणि पंखेही असतात. याच गावात जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देणारे कारागीरही आहेत. बंद पडलेली वस्तू कारागिराकडे जाणार की भट्टीत, हे कशावरून ठरते? प्रश्न घरगुती वाटला तरी त्याला इतिहास आहे, आणि आमच्या मते तो भौतिकशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगा आहे.

वीज येण्यापूर्वीपासून सुरुवात करू. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते, म्हणून भांड्यांना आतून कल्हई लावत. कल्हईवाला भात्याने कोळसे फुलवी, भांडे तापवी, त्यात नवसागर टाकी आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. नवसागर तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, त्यामुळे कथील धातूला घट्ट धरते. ही दुरुस्ती भांड्याच्या आयुष्यातच धरलेली होती. भांडे अगदीच फुटले तर ते मोड म्हणून वजनावर विकले जाई. धातू महाग आणि कारागिराची मजुरी स्वस्त, असा तो हिशेब होता. पुढे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आले, कल्हईची गरज संपत गेली आणि तिच्यासोबत तो कारागीरही दिसेनासा झाला.

विजेच्या उपकरणांनी हाच हिशेब नव्याने मांडायला लावला. छताच्या पंख्याचे उदाहरण घेऊ. घरात एकफेजी वीज येते. एका वेटोळ्यातून असा प्रवाह सोडला तर चुंबकीय क्षेत्र नुसते पुढे-मागे होते, ते फिरत नाही. म्हणून मोटार आपणहून सुरू होऊ शकत नाही. त्यासाठी पंख्यात दुसरे वेटोळे असते आणि त्याच्या वाटेत धारित्र, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर. त्यामुळे दोन वेटोळ्यांतील प्रवाह मागे-पुढे सरकतात आणि फिरते क्षेत्र तयार होते. फिरत्या क्षेत्राची ही कल्पना १८८०च्या दशकात गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे मांडली.

एवढे समजले की बिघाड ओळखणे सोपे होते. वीज बंद करून पाती हाताने फिरवावीत. जड लागली किंवा खरखर ऐकू आली तर बेअरिंगचा दोष. पाती मोकळी फिरतात, वीज सोडल्यावर मोटार गुंगुं करते पण फिरत नाही, तर कंडेन्सर गेलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. असा पंखा काठीने ढकलला तर ज्या दिशेला ढकलाल त्याच दिशेला फिरू लागतो. मोटारीला स्वतःची दिशाच उरलेली नसते. (वर्गात हे फळ्यावर समजावून द्यावे, मुलांकडून करवून घेऊ नये. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार राहू शकतो.) जळक्या वार्निशचा वास आला तर मात्र वेटोळेच गेले. कंडेन्सर अगदी थोड्या पैशांत बदलता येतो. रिवाइंडिंगचा खर्च त्याच्या कितीतरी पट. म्हणजे ‘पंखा बंद पडला’ या एकाच तक्रारीची तीन उत्तरे आहेत, आणि बिघाड न शोधता दुकानात नवा पंखा घ्यायला जाणारा ग्राहक बहुधा त्यातल्या सर्वांत स्वस्त बिघाडासाठी सर्वांत महाग उत्तर विकत घेतो.

वेटोळे जळते कशाने? मराठवाड्यातील शेतकऱ्याला याचे उत्तर विचारावे लागत नाही. अशा मोटारीचा पिळाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले तर जोर निम्म्याहूनही खाली, सुमारे ४८ टक्क्यांवर येतो. पंखा अशा वेळी नुसता मंदावतो, कारण वेग कमी झाला की हवेचा विरोधही घटतो. विहिरीवरचा पंप किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर यांना ती सवलत नाही. ते अडतात, जास्त प्रवाह ओढतात आणि तापतात. तारेवरच्या आवरणाचे आयुष्य तापमान ८ ते १० अंशांनी वाढले की निम्मे होते, असा ढोबळ नियम इंजिनिअर वापरतात. म्हणजे वस्तूचे आयुष्य तिच्या बनावटीइतकेच आपल्या खांबावरच्या तारांवरही अवलंबून असते.

परदेशी बनावट आपल्या घरात न टिकण्याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. माधुरी माथूर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर बिघडला आणि तो येथे कोणाकडूनच दुरुस्त होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर हे सीमेन्समधील अभियंता. त्यांनी दुरुस्तीचा नाद सोडून ओली डाळ आणि कोरडे मसाले वाटू शकेल अशी दणकट मोटार तयार केली. १९६३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीतून ‘सुमीत’ मिक्सर बाहेर पडला. दुरुस्त न होणाऱ्या वस्तूतून नवी वस्तू जन्मली, हे खरे. मात्र आम्हाला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते: बिघाड नेमका कशाने झाला हे कळल्यामुळेच बदल योग्य जागी झाला.

वस्तू मुद्दाम अल्पायुषी केल्या जातात, हा आरोपही जुना आहे आणि एका बाबतीत तो सिद्ध झालेला आहे. १९२४ मध्ये जिनिव्हात युरोप-अमेरिकेतील दिवे बनवणाऱ्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले. त्याहून जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड होई. तरीही केवळ लबाडी म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. तंतू जास्त तापवला की तेवढ्याच विजेत जास्त प्रकाश मिळतो, पण तंतू लवकर झिजतो. दीर्घायुषी बल्ब मंद आणि वीजखाऊ असतो.

हीच ओढाताण आज पंख्यात आली आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा ब्रशविरहित डीसी मोटारीचा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास, वर्षातले २४० दिवस धरले तर बचत सुमारे १३० युनिट. आपल्या बिलातील दराने गुणून विद्यार्थ्यांना हा हिशेब करता येईल. दहा तास चालणाऱ्या खोलीतला पंखा रिवाइंड करण्यापेक्षा बदलणे अनेकदा परवडते. पाहुण्यांच्या खोलीतला मुळीच नाही. पण नव्या पंख्यात कंडेन्सर नसून इलेक्ट्रॉनिक पाटी असते. ती गेली तर गल्लीतला कारागीर ती बहुधा दुरुस्त करीत नाही, अख्खी बदलतो, आणि तीही त्या कंपनीची मिळाली तर. ‘राइट टु रिपेअर’ हे पोर्टल केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले, ते याच अडचणीपोटी.

आता पुन्हा जालन्याच्या भट्टीकडे. ती प्रवर्तन भट्टी असते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्वच तिथे काम करते. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून प्रवाह जातो आणि आतले भंगार हेच ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम वेटोळे बनून स्वतःच्या प्रवाहाने वितळते. जळालेल्या पंख्याचे लोखंड इथे सळई होऊ शकते, त्याचे तांबे मात्र इथे नकोसे असते. तांबे लोखंडापेक्षा कमी ऑक्सिडीकरणशील असल्यामुळे ते मळीत जात नाही, पोलादातच राहते. पुढे लाटण्यासाठी लगड तापवली की पृष्ठभागावरचे लोखंड गंजाच्या पापुद्र्यात जाते, मागे राहिलेले तांबे साचते, १०८५ अंशांच्या वर वितळते आणि पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरून त्याला चिरा पाडते. एकदा मिसळलेले तांबे काढण्याचा परवडणारा उपाय भट्टीवाल्याकडे नाही. म्हणून ते आधीच, भंगाराच्या वखारीत, छिन्नी-हातोडा घेऊन बसलेल्या माणसाच्या हातांनी निघावे लागते. रिवाइंडिंगवालाही जळकी मोटार उघडून पहिले काम हेच करतो. फरक इतकाच की तो त्याच खाचांत नवे तांबे भरून मोटार परत देतो.