पेरणाऱ्याने न पाहिलेले पीक



आपल्यापैकी कितीतरी जण रोज कडोदरा चौकडीवरून कामाला जातात. तिथे तासभर उभे राहून मुंबईच्या दिशेने जाणारे ट्रक मोजायला घेतले, तर थोड्याच वेळात मोजदाद हाताबाहेर जाईल. एवढे ट्रक रोज नवे कोण बनवणार? माल उतरवून तेच ट्रक परत येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या शरीरातील रक्ताचेही तसेच आहे. मात्र एवढी गोष्ट कळायला माणसाला शेकडो वर्षे लागली.

ग्रीक वैद्य गॅलेन यांचे मत सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानले जात होते. त्यांच्या मते रक्त यकृतात अन्नापासून तयार होते, शिरांतून शरीरभर जाते आणि तिथेच खर्ची पडते. हृदयाच्या मधल्या भिंतीला सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून थोडे रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही ते मानत.

तशी छिद्रे नाहीत, रक्त फुफ्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येते, असे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्यांनी लिहिले. युरोपात हीच गोष्ट १५५३ साली मिगेल सर्व्हेटस यांनी छापली, तीही एका धर्मशास्त्रीय ग्रंथात. देवाचा आत्मा, श्वास आणि रक्त यांचे नाते शोधताना ते तिथे पोहोचले होते. पण त्याच ग्रंथात त्यांनी त्रैक्याचा सिद्धांत नाकारला होता. कॅथलिक न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला. ते त्याआधीच निसटले होते, पण प्रोटेस्टंट जिनिव्हात पकडले गेले. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्यांना जिवंत जाळण्यात आले.

त्यांची शिकवण आपण स्वीकारत नाही. पण माणसाला जाळून सत्याचे रक्षण होत नाही, हे ख्रिस्ताच्या मंडळीला सर्वांआधी कळायला हवे होते. १९०३ साली कॅल्विनच्याच अनुयायांनी जिनिव्हात प्रायश्चित्ताचा दगड उभारला. त्या पश्चात्तापाला साडेतीनशे वर्षे लागली.

आता आपल्या सुरतेकडे येऊ. सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचे वकील सर थॉमस रो सुरतेला पोहोचले. त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये विल्यम हार्वे या डॉक्टरची वैद्यांना शरीररचना शिकवण्यासाठी नेमणूक झाली. इटलीतील पादुआ येथे हार्वे यांचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांमधील झडपा दाखवल्या होत्या. या झडपा रक्ताला फक्त हृदयाकडेच जाऊ देतात, हे हार्वे यांनी दंडाला पट्टी बांधून आणि बोटाने शीर दाबून सिद्ध केले.

मग त्यांनी हिशेब केला. हृदयाच्या एका ठोक्याला थोडेसेच रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात ते शरीरातील एकूण रक्तापेक्षा जास्त भरते. एवढे रक्त कोणत्याही जेवणातून बनणार नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. हा सिद्धांत त्यांनी १६२८ साली प्रसिद्ध केला.

आजचे आकडे असे आहेत. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. विश्रांतीच्या वेळी हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ पाच लिटर होतात. म्हणजे मिनिटाभरात अंगातील सगळ्या रक्ताइतके रक्त हृदयातून जाते. उजवी बाजू ते फुफ्फुसांकडे पाठवते, तर डावी बाजू शरीरभर.

पण हार्वे यांच्या मांडणीत एक दुवा सापडत नव्हता. धमन्यांतील रक्त शिरांमध्ये कुठून शिरते? वाट असलीच पाहिजे असे त्यांचा हिशेब सांगत होता, पण ती डोळ्यांना दिसत नव्हती. १६५७ साली ते वारले. चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसात त्या केसासारख्या नलिका पाहिल्या. आपण त्यांना केशवाहिन्या म्हणतो.

आपल्या जवळचेच आणखी एक उदाहरण सांगतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. डॉ. सेन १९८२ मध्ये निवर्तले. देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण दिल्लीत झाले ते १९९४ साली. आज सुरतेहून हृदय विमानाने मुंबईला जाते आणि कुणा अनोळखी माणसाच्या छातीत धडधडू लागते.

पेरणाऱ्याचे हात वेगळे आणि कापणी करणाऱ्याचे वेगळे, ही योहानाच्या चौथ्या अध्यायातील शिकवण मला इथे आठवते. आपल्या मंडळीत कुणी वर्षानुवर्षे संडे स्कूल घेते, कुणी मिलमधली रात्रपाळी संपवून आजाऱ्याला भेटायला जाते. फळ दिसत नाही म्हणून मन खचते. अशा वेळी हार्वे यांची आठवण ठेवा. त्यांना न दिसलेल्या केशवाहिन्या तेव्हाही त्यांच्याच हातात होत्या आणि त्यांतून रक्त वाहत होते.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो. आमेन.