अंगण गेले, कुंडी राहिली

आपल्या गॅलरीतील कुंडीलाही इतिहास आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत गेले. गाडीच्या सोयीने पुढे ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे बिऱ्हाडे वाढली. वाडे जाऊन चाळी आल्या, चाळी जाऊन इमारती उभ्या राहिल्या. अंगणातले वृंदावन गेले. तुळस मात्र डालड्याच्या रिकाम्या डब्यात बसून गॅलरीत आली.

तिच्या शेजारी मनीप्लँट आला. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा. युरोपात त्याची शास्त्रीय नोंद १८८० मध्ये झाली. तो सहसा फुलत नाही, कारण फुलण्यास लागणारे द्रव्य त्याच्या अंगी पुरेसे तयार होत नाही, असे शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये आढळले. फूल नाही, म्हणून बीही नाही. तरी तो घरोघर पोचला. कोणीतरी फांदी खुडून दिली, कोणीतरी ती पाण्यात ठेवली. चोरून आणलेलाच वेल लागतो असे म्हणतात. पण जगला तो देणाऱ्यांमुळेच.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या यजमानांचे काम सुटले. घरात बोलणे उरले ते चिडण्यापुरतेच. शेजारच्या काकूंनी एक फांदी बाटलीत घालून दारात ठेवली. आठवड्याने मुळे दिसली, तेव्हा यजमानांनीच मला हाक मारून दाखविली. झाडावर ओरडून पान लवकर फुटत नाही, हे दोघांनाही उमगले.

वर्धापनदिनी प्रत्येकीने एक फांदी शेजारणीस द्यावी, एवढीच विनंती.